उशिरा मिळालेले तारे

नाताळ जवळ आला की जगभरातील वृत्तपत्रांमध्ये एक यादी हमखास प्रसिद्ध होते. सहकुटुंब पाहावेत असे नाताळचे चित्रपट कोणते, त्यांत पहिला कोण, दहावा कोण, कोणाला किती तारे. याद्या दरवर्षी बदलतात, नवी नावे येतात, जुनी गळतात. मात्र एक कृष्णधवल चित्रपट या याद्यांमध्ये पुन:पुन्हा अग्रभागी दिसतो. त्याचे नाव 'इट्स अ वंडरफुल लाइफ' आणि त्याच्या दिग्दर्शकाचे नाव फ्रँक काप्रा.

हा चित्रपट १९४६ साली पडद्यावर आला तेव्हा त्याच्या वाट्याला संमिश्र परीक्षणे आली, ऑस्करचा एकही प्रमुख पुरस्कार आला नाही आणि तिकीटबारीने निर्मात्यांना तोट्यात टाकले. आपले आयुष्य वाया गेले असे मानणाऱ्या एका भल्या माणसाची ही कथा स्वतःच वाया गेली, असा त्या वेळचा निकाल होता. तो निकाल बदलायला जवळजवळ तीस वर्षे लागली. काप्रा दीर्घायुषी होता म्हणून त्याला हा बदल पाहता आला. एखाद्या कलाकृतीचे मोल नेमके कोण ठरवते आणि कधी, हा प्रश्न त्याच्या चरित्रातून जितका ठळकपणे समोर येतो तितका क्वचितच अन्यत्र येत असेल.

सिसिलीचा मुलगा

फ्रान्चेस्को काप्राचा जन्म १८ मे १८९७ रोजी सिसिलीतील बिसाक्विनो या गावी झाला. सात भावंडांमध्ये तो धाकटा. १९०३ मध्ये कुटुंबाने बोटीच्या सर्वांत स्वस्त वर्गातून अमेरिका गाठली आणि तेथून पुढे लॉस एंजलिस. वडील शेतमळ्यांत राबत. घरात इंग्रजी येणारे कोणी नव्हते. छोट्या फ्रँकने रस्त्यावर वृत्तपत्रे विकली, शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी मिळेल ते काम केले आणि घरच्यांचा विरोध पत्करून महाविद्यालयात प्रवेश मिळवला. पुढे 'कॅलटेक' म्हणून नावाजल्या गेलेल्या संस्थेतून १९१८ साली तो रसायन अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडला. त्यानंतर काही काळ तो लष्करात होता.

पदवी हातात असूनही अभियंत्याची नोकरी मिळेना. काही वर्षे हा सुशिक्षित तरुण दारोदार फिरून पुस्तके विकत होता. १९२२ साली सॅन फ्रान्सिस्कोत त्याला एक लघुपट दिग्दर्शित करण्याची संधी मिळाली. त्या लघुपटाला आधार होता रुडयार्ड किपलिंगच्या एका कवितेचा. मुंबईत जन्मलेल्या कवीच्या शब्दांवरून सिसिलीत जन्मलेल्या तरुणाने अमेरिकेत आपला पहिला चित्रपट केला, हा योगायोग नोंद घेण्याजोगा आहे.

मूकपटांच्या काळात विनोदी प्रसंग लिहिण्याच्या कामावर त्याचे हात घडले. विनोदी नट हॅरी लँग्डनबरोबर त्याने 'द स्ट्राँग मॅन' केला. नंतर १९२८ मध्ये तो कोलंबिया या स्टुडिओत दाखल झाला. मोठ्या स्टुडिओंच्या पंगतीत कोलंबियाला तेव्हा मान नव्हता. पैसा थोडा, वेळ थोडा, मालक हॅरी कोन तापट. याच टंचाईत काप्राने वेगाने, नेमके आणि प्रेक्षकांशी थेट बोलणारे चित्रपट करण्याची कला आत्मसात केली.

यशाचे दशक

१९३३ चा 'लेडी फॉर अ डे' ऑस्करच्या शर्यतीत होता. पुरस्कार समारंभात सूत्रधाराने विजेत्या दिग्दर्शकाला केवळ पहिल्या नावाने हाक मारली आणि काप्रा उठून चालू लागला. हाक मात्र फ्रँक लॉइड या दुसऱ्याच फ्रँकसाठी होती. भरसभेतून परत आपल्या जागेवर येण्याचा तो प्रवास आयुष्यातील सर्वांत लांब प्रवास वाटल्याची आठवण त्याने आत्मचरित्रात नोंदवली आहे.

पुढच्याच वर्षी सगळे चित्र पालटले. 'इट हॅपन्ड वन नाइट' या १९३४ च्या चित्रपटाने सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, नायक, नायिका आणि पटकथा हे पाचही प्रमुख ऑस्कर जिंकले. असा पराक्रम करणारा हा पहिलाच चित्रपट. घरातून पळालेली श्रीमंत मुलगी आणि तिच्या बातमीच्या मागे असलेला पत्रकार ही त्यातील जोडी भारतीय प्रेक्षकांच्याही ओळखीची आहे. राज कपूर आणि नर्गिस यांचा 'चोरी चोरी' १९५६ साली आला तो याच कथेवरून, आणि १९९१ मधील 'दिल है के मानता नहीं' हादेखील त्याच वळणाचा. 'मीट जॉन डो' या काप्राच्या १९४१ च्या चित्रपटाची छाया १९८९ मधील अमिताभ बच्चनच्या 'मैं आजाद हूं'वर पडलेली आहे.

'मिस्टर डीड्स गोज टू टाउन' (१९३६) आणि 'यू कान्ट टेक इट विथ यू' (१९३८) यांसाठी काप्राला पुन्हा दिग्दर्शनाचे ऑस्कर मिळाले. पाच वर्षांत तीन वेळा हा सन्मान मिळवणारा हा माणूस त्या काळात चित्रपट अकादमीचा अध्यक्षही होता. १९३९ च्या 'मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन'मध्ये त्याने जेम्स स्ट्युअर्ट या उंच, किडकिडीत, अडखळत बोलणाऱ्या नटाला भ्रष्ट राजकारणाविरुद्ध उभे केले.

साधा माणूस, त्याच्यासमोर उभी ठाकलेली सत्ता आणि पैसा, आणि शेवटी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या चांगुलपणाने झालेली सोडवणूक हा काप्राचा साचा ठरून गेला. काही समीक्षकांना हा भाबडेपणा रुचत नसे. बाळबोध भावुकतेसाठी इंग्रजीत वापरला जाणारा 'कॉर्न' हा शब्द दिग्दर्शकाच्या नावाला जोडून त्यांनी त्याच्या शैलीचे 'काप्रा-कॉर्न' असे खोचक बारसे केले होते.

मात्र या भावुकतेच्या तळाशी अंधार होता, हे त्या थट्टेत सुटून जाते. 'मीट जॉन डो'चा नायक नाताळच्या आदल्या रात्री उंच इमारतीवरून जीव द्यायला निघतो. त्या चित्रपटाचा शेवट काय करावा हे काप्राला कळेना आणि त्याने एकाहून अधिक शेवट चित्रित करून पाहिले. सणाची रात्र आणि माणसाचे एकाकीपण यांची सांगड त्याने येथे प्रथम घातली. खासगी आयुष्यातही दुःख होतेच. १९३८ साली त्याचा लहानगा मुलगा टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर दगावला.

दुसऱ्या महायुद्धात काप्रा लष्करात दाखल झाला. आपण का लढतो आहोत हे सैनिकांना समजावून सांगण्यासाठी त्याने 'व्हाय वुई फाइट' ही सात माहितीपटांची मालिका तयार केली. त्यातील पहिल्या 'प्रिल्यूड टू वॉर'ला ऑस्कर मिळाले. १९४५ मध्ये तो कर्नल म्हणून परतला तेव्हा चित्रपटसृष्टी बदलली होती आणि त्याची स्वतःची उमेद डळमळली होती.

शुभेच्छापत्रातून आलेली कथा

फिलिप व्हॅन डोरेन स्टर्न या लेखकाने 'द ग्रेटेस्ट गिफ्ट' नावाची छोटी कथा लिहिली होती. ती कोणी छापेना. तेव्हा १९४३ च्या नाताळात त्याने तिच्या दोनशे प्रती स्वखर्चाने छापल्या आणि शुभेच्छापत्र म्हणून स्नेह्यांना पाठवल्या. त्यातील एक प्रत आरकेओ या स्टुडिओपर्यंत पोहोचली. स्टुडिओने दहा हजार डॉलरला हक्क घेतले, काही पटकथा लिहवून घेतल्या, पण जमेना. शेवटी ती कथा काप्राकडे आली. त्याने विल्यम वायलर, जॉर्ज स्टीव्हन्स आणि सॅम्युएल ब्रिस्किन यांच्यासह 'लिबर्टी फिल्म्स' ही स्वतंत्र संस्था काढली होती. तिचा पहिला चित्रपट हाच ठरला.

कथा साधी आहे. बेडफर्ड फॉल्स या गावातील जॉर्ज बेलीला जग पाहायचे आहे, मोठमोठ्या इमारती आणि पूल बांधायचे आहेत. वडिलांच्या मागे गावातील छोटी कर्जसंस्था त्याच्या गळ्यात पडते आणि तो गावातच अडकतो. ही संस्था म्हणजे आपल्याकडील पतपेढीचीच बहीण. गोरगरिबांच्या ठेवींतून गोरगरिबांनाच घरासाठी कर्ज द्यायचे, हा तिचा व्यवहार. ठेवी परत मागायला घाबरलेली गर्दी लोटते तेव्हा जॉर्ज त्यांना समजावतो, की त्यांचा पैसा तिजोरीत नसून शेजाऱ्याच्या घराच्या भिंतींत आहे. पतसंस्थांच्या दारांवरील अशा रांगा पाहिलेल्या मराठी वाचकाला हा प्रसंग परका वाटणार नाही.

नाताळच्या आदल्या दिवशी संस्थेचे आठ हजार डॉलर गहाळ होतात. ते गावातील धनाढ्य पॉटरच्या हाती लागलेले असतात आणि तो गप्प बसतो. तुरुंगाच्या भीतीने कोलमडलेला जॉर्ज नदीच्या पुलावर जातो. तेथे क्लॅरन्स नावाचा, अजून पंख न मिळालेला एक दुय्यम दर्जाचा देवदूत त्याला भेटतो आणि जॉर्ज जन्मलाच नसता तर हे गाव कसे झाले असते ते दाखवतो. शेवटी अवघे गाव आपापल्या परीने पैसे घेऊन त्याच्या घरी जमते. पॉटरला मात्र कोणतीही शिक्षा होत नाही. पापाला शासन झालेच पाहिजे अशी सक्त आचारसंहिता असलेल्या त्या काळात ही बाब लक्षणीय होती.

चित्रीकरण झाले १९४६ च्या एप्रिल ते जुलै या महिन्यांत, कॅलिफोर्नियाच्या उकाड्यात. पडद्यावर बर्फ आणि प्रत्यक्षात घामाच्या धारा. तोवर बर्फासाठी पांढऱ्या रंगाचे कॉर्नफ्लेक्स वापरत, पण ते पायाखाली कुरकुरत आणि संवाद नंतर ध्वनिमुद्रित करावे लागत. काप्राच्या तंत्रज्ञांनी आग विझवण्याच्या फेसात साबण आणि पाणी मिसळून नवा, बिनआवाजाचा बर्फ बनवला. या शोधाबद्दल अकादमीने तांत्रिक गौरव केला. या चित्रपटाला अकादमीकडून प्रत्यक्ष मिळाले ते एवढेच. जॉर्ज झालेला स्ट्युअर्ट बॉम्बफेकी विमानांच्या मोहिमा करून नुकताच युद्धावरून परतला होता. त्याच्या चेहऱ्यावरील थकवा आणि धास्ती ही निव्वळ अभिनयाची नव्हती, असे अनेक अभ्यासकांना वाटते.

पहिला निकाल

आज नाताळचा म्हणून ओळखला जाणारा हा चित्रपट मुळात नाताळसाठी ठरलेला नव्हता. तो १९४७ च्या जानेवारीत यायचा होता. स्टुडिओचा दुसरा एक रंगीत चित्रपट वेळेत तयार झाला नाही, म्हणून याची तारीख अलीकडे आणली गेली आणि २० डिसेंबर १९४६ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याचा पहिला खेळ झाला. त्यामुळे तो १९४६ च्या ऑस्करसाठी पात्र ठरला आणि त्याची गाठ 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज'शी पडली. युद्धावरून परतलेल्या सैनिकांवरील तो चित्रपट काप्राचाच भागीदार विल्यम वायलरने दिग्दर्शित केला होता. काप्राच्या चित्रपटाला पाच नामांकने होती. वायलरच्या चित्रपटाने प्रमुख पुरस्कार नेले. गोल्डन ग्लोबने तेवढे काप्राला सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक ठरवले.

परीक्षणांत एकमत नव्हते. 'टाइम'ने कौतुक केले. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे बॉस्ली क्राउदर यांनी स्ट्युअर्टच्या कामाची वाखाणणी केली, पण चित्रपटातील भावुकता हाच त्याचा दोष असल्याचे आणि त्यातील गाव वास्तवापेक्षा नाटकी वाटत असल्याचे मत नोंदवले. 'द नेशन'मध्ये लिहिणाऱ्या जेम्स एजी यांची अवस्था अधिक बोलकी होती. मन हेलावून टाकण्याच्या सामर्थ्याबाबत त्यांनी या चित्रपटाचे नाते डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरल'शी जोडले आणि त्याच वेळी त्या सामर्थ्याविषयी संशयही व्यक्त केला. आपण हललो हे मान्य करायचे आणि हलायला नको होते असेही वाटायचे, ही समीक्षकाची पेचाची जागा त्यात दिसते.

चित्रपटावर तीस लाख डॉलरहून अधिक खर्च झाला होता. आरकेओच्या हिशेबात सुमारे सव्वापाच लाख डॉलरचा तोटा नोंदवला गेला. लिबर्टी फिल्म्स लवकरच पॅरामाउंटला विकावी लागली. त्यातच १९४७ मध्ये एफबीआयच्या एका अहवालात, या चित्रपटात सावकाराला खलनायक करणे हे साम्यवादी प्रचाराचे लक्षण असल्याची शंका व्यक्त झाली. काप्रा स्वतः रिपब्लिकन विचारांचा आणि रूझवेल्ट यांचा विरोधक होता, हे पाहता हा आरोप विचित्रच होता.

कौटुंबिक चित्रपटाला प्रमाणपत्र देणारे त्या काळी किती वेगवेगळ्या फूटपट्ट्या वापरत, याचे आणखी एक उदाहरण त्याच सुमाराचे आहे. नाताळबाबाची निरागस गोष्ट सांगणारा 'मिरॅकल ऑन थर्टी-फोर्थ स्ट्रीट' १९४७ च्या ऐन उन्हाळ्यात आला. त्यातील आई घटस्फोटित असल्यामुळे कॅथलिकांच्या 'लीजन ऑफ डीसेन्सी'ने त्याला अंशतः आक्षेपार्ह अशी श्रेणी दिली. पुढे तोही घरोघरीचा नाताळचा चित्रपट झाला.

मुंबईतील पाहुणा

काप्राचा बहर ओसरला होता. १९५१ मध्ये एका संरक्षणविषयक प्रकल्पासाठी त्याला हवी असलेली सुरक्षा-मंजुरी अडवली गेली आणि त्याच्या देशनिष्ठेवरच प्रश्नचिन्ह लागले. महायुद्धात देशासाठी माहितीपट करणाऱ्या माणसाला हा घाव खोलवर लागला. नियतीचा खेळ असा, की त्याच सुमारास, जानेवारी १९५२ मध्ये, अमेरिकेचा प्रतिनिधी म्हणून त्याला मुंबईला पाठवण्यात आले. भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव तेव्हा मुंबईत भरला होता. 'बायसिकल थीव्ह्ज'ने आपल्या दिग्दर्शकांना झपाटून टाकले ते याच महोत्सवात. २००४ पासून गोव्यात भरत आलेल्या 'इफ्फी'ची ही सुरुवात.

त्यानंतर काप्राने शाळांसाठी विज्ञानपट केले, काही चित्रपटही केले. १९६१ चा 'पॉकेटफुल ऑफ मिरॅकल्स' हा त्याचा शेवटचा चित्रपट. तो 'लेडी फॉर अ डे'चीच नवी आवृत्ती होता. साठीत पोहोचलेला दिग्दर्शक आपल्याच जुन्या गोष्टीकडे परतला आणि थांबला. १९७१ मध्ये त्याचे आत्मचरित्र आले. त्यातील अनेक दाव्यांना १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जोसेफ मॅकब्राइड यांच्या चरित्राने आव्हान दिले. पटकथाकार रॉबर्ट रिस्किन यांच्यासारख्या सहकाऱ्यांच्या श्रेयाकडे काप्राने पुरेसे लक्ष दिले नाही, हा आक्षेप त्यात प्रमुख आहे. चांगुलपणाच्या कथा सांगणारा माणूस श्रेयवाटपात मात्र हात आखडता घेणारा होता, ही बाजूही विसरता येत नाही.

एका राहून गेलेल्या अर्जाची करामत

अमेरिकेच्या तत्कालीन कायद्यानुसार स्वामित्वहक्क २८ वर्षांनी नव्याने नोंदवावा लागे. १९७४ साली हक्क बाळगणाऱ्या कंपनीकडून ही नोंदणी राहून गेली. परिणामी दूरचित्रवाणी वाहिन्यांना हा चित्रपट जवळजवळ फुकट दाखवता येऊ लागला. डिसेंबरमध्ये कार्यक्रमांची वाण असणाऱ्या लहानमोठ्या वाहिन्यांनी तो दिवसरात्र दाखवला. चित्रपटगृहाकडे ज्यांनी पाठ फिरवली होती, त्यांच्या मुलानातवंडांनी तो घरच्या दिवाणखान्यात पाहिला, पुढच्या वर्षी पुन्हा पाहिला, आणि बघता बघता तो सणाचा भाग झाला.

या प्रसिद्धीची किंमतही होती. हक्कच उरले नसल्याने १९८६ मध्ये चित्रपटाला संगणकाने रंग चढवण्यात आले, तेव्हा काप्रा आणि स्ट्युअर्ट यांनी विरोध केला, पण तो थांबवणे त्यांच्या हाती नव्हते. ज्या चुकीने चित्रपट जगला, त्याच चुकीने तो निर्मात्याच्या हातून निसटला. पुढे मूळ कथेच्या आणि संगीताच्या हक्कांचा आधार घेऊन १९९३ मध्ये मुक्त प्रक्षेपणाला पायबंद घालण्यात आला आणि १९९४ पासून एनबीसी वाहिनीवर तो मोजक्या वेळा दिसू लागला. एव्हाना त्याचे स्थान पक्के झाले होते.

मानसन्मान मागाहून आले. १९८२ मध्ये अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने काप्राला जीवनगौरव दिला. १९९० मध्ये हा चित्रपट अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहासाठी निवडला गेला. ३ सप्टेंबर १९९१ रोजी कॅलिफोर्नियातील ला किंटा येथे, वयाच्या ९४ व्या वर्षी काप्राचे निधन झाले. १९९८ मध्ये त्याच संस्थेने काढलेल्या शंभर श्रेष्ठ अमेरिकन चित्रपटांच्या यादीत 'इट्स अ वंडरफुल लाइफ' अकरावा होता. २००६ मध्ये उमेद देणाऱ्या शंभर चित्रपटांच्या यादीत तो पहिला आला. पुढच्याच वर्षी श्रेष्ठ चित्रपटांची यादी नव्याने केली गेली तेव्हा तो विसाव्या क्रमांकावर उतरला. चित्रपट तोच, त्यातील एक चौकटही बदललेली नाही. क्रमांक मात्र बदलत राहिले.

याचा अर्थ १९४६ चे समीक्षक चुकले होते असा काढणे घाईचे ठरेल. क्राउदर यांना खटकलेली भावुकता चित्रपटात आजही आहे आणि ती कोणाला आजही खटकू शकते. परंतु परीक्षण लिहिणारा चित्रपट एकदा पाहतो, बहुधा एकटा पाहतो आणि त्याच रात्री मत देतो. हा चित्रपट उमगला तो दरवर्षी, घरच्यांसोबत, वय वाढत जाताना पाहणाऱ्यांना. लहानपणी त्यात देवदूत दिसतो. नोकरी, कर्ज आणि आईवडिलांची जबाबदारी अंगावर आल्यावर पुलावरचा जॉर्ज दिसतो. तारे देताना हा दुसरा प्रेक्षक हिशेबात धरण्याची सोय कोणत्याही वृत्तपत्राकडे नसते. काप्राकडे ती होती. आपल्या सर्व चित्रपटांत हाच सर्वांत आवडता असे तो अखेरपर्यंत सांगत राहिला आणि जगाने दखल घेण्याच्या आधीपासून दर नाताळला तो आपल्या घरच्यांना दाखवत असे.